खडकी ते खडकवासला, खोट्या तारेवरून

आमच्या टीममध्ये कुणाला बढती कधी मिळाली हे कुणालाच आठवत नाही, पण कुणाची कुठे कशी फजिती झाली हे सगळ्यांना तोंडपाठ! दुपारी डबे उघडले की कुणीतरी एक किस्सा काढतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि ताक संपेपर्यंत प्रत्येकाने एकदा तरी मान खाली घातलेली असते. हसतो आम्ही खूप. पण हसून झाल्यावर डबे धुवायला उठताना कुणी कुणाकडे बघत नाही, हेही खरं.

आम्ही चौघं. मोघे सर सगळ्यांत ज्येष्ठ, निवृत्तीला आलेले. कोथरूडमध्ये वाढलेले आणि बोलणंही अस्सल तिथलंच, म्हणजे थोडं आणि टोचणारं. समीर आमचा मॅनेजर, वयाने सरांच्या निम्मा. प्रणय गेडाम चंद्रपूरचा, नोकरीसाठी पुण्यात आलेला. आणि मी, शुभदा.

काम काय, ते आधीच सांगून टाकते. आमची कंपनी लोकांच्या लाइनी जोडून देते. आमचं गिऱ्हाईक एक जुना कारखाना. त्याचं ऑफिस आहे खडकीला आणि मोठं गोदाम खडकवासल्याच्या रस्त्यावर. दोन्हीकडे एटीएम नावाच्या जुन्या पद्धतीची यंत्रं आहेत आणि त्यांच्यावर तिथले फोन चालतात. मधली जुनी लाइन गेली, तिच्या जागी एमपीएलएसचं नवं नेटवर्क आलं. आता जुनी यंत्रं जुन्याच भाषेत बोलणार. मग आम्ही त्यांचं बोलणं नव्या पाकिटात घालतो, वर लेबल चिकटवतो, पलीकडे नेऊन पाकीट फोडतो. यंत्रांना वाटतं, मधे आपली जुनी तार अजून आहे. तार नसतेच! म्हणून त्याला म्हणायचं स्यूडोवायर. खोटी तार.

आणि हो, ह्या एटीएमचा पैसे काढायच्या मशीनशी काडीचाही संबंध नाही.

हे मी आमच्या सोसायटीच्या भिडेकाकांना तेव्हाच सांगायला हवं होतं.

रविवारी सकाळी काकांनी बेल वाजवली. "शुभदा, तू एटीएममध्ये आहेस ना? कोपऱ्यावरच्या मशीनने माझं कार्ड गिळलं. चल जरा."

मी म्हटलं, "काका, माझं एटीएम वेगळं."

"असू दे ना. कंपनी वेगळी असली तरी मशीन ते मशीनच!"

काकू दवाखान्यात जायला तयार होऊन बसलेल्या, काकांच्या कपाळावर घाम. नाही कसं म्हणणार? गेले. तिथे रांग लागलेली. काकांनी लांबूनच आवाज दिला, "बाजूला व्हा, बाजूला व्हा, इंजिनिअर आल्यात!"

लोक खरोखर बाजूला झाले. मला वाट करून दिली. मी मशीनसमोर उभी राहिले आणि, आता काय सांगू, कॅन्सलचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मागे सगळे श्वास रोखून. शेवटी मी वळले आणि समजावू लागले की एटीएम म्हणजे खरं तर माहिती छोट्या छोट्या एकसारख्या तुकड्यांत पाठवायची एक पद्धत असते...

रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "मॅडम, चालू होणार की नाही तेवढंच सांगा. आम्हाला पुढच्या मशीनला जाता येईल."

मशीनवर हेल्पलाइनचा नंबर ठळक लिहिलेला होता. तो काकांनीच लावला, कार्ड बंद करून घेतलं. परत येताना ते माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. गेटपाशी मात्र थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाले, "पगार वेळेवर होतो ना? मग झालं."

प्रणयचं तर ह्या तारेपायी लग्न मोडलं! म्हणजे ठरायच्या आधीच.

मुलीचं घर वारज्याला, मंडळी नागपूरकडची. पोहे झाले, चहा आला. मुलीचे मामा सगळ्यांत अनुभवी, ते पुढे सरकून बसले. "तुमी काम काय करता जी नेमकं?"

प्रणय सरळ माणूस. कुणी विचारलं की नीट समजावून सांगतो. म्हणाला, "स्यूडोवायर टाकतो."

"म्हंजे?"

"म्हंजे खोटी तार."

मामांनी कप खाली ठेवला. "खोटी तार टाकता, अन् गिऱ्हाइकाले सांगता काय?"

"तेच तर काम हाय ना मामाजी! त्याले खरीच वाटली पाहिजे. त्याले कळलं की तार खोटी हाय, तर समजायचं आपलं काम बिघडलं!"

मुलीच्या आईने मुलीला आत बोलावलं. प्रणयच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय, म्हणून तो आणखी खुलासा करायला गेला. "टेन्शन नाही, कंपनीत सगळ्यांले माहीत हाय. साहेबच करायले लावते."

दोन दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. नकार होता. मामांनी सांगितलेलं कारण मध्यस्थाने जसंच्या तसं पोचवलं, "पोरगा लय साधा हाय. इतका खरं बोलणारा मानूस खोट्याच्या धंद्यात टिकत नाही!"

हा किस्सा प्रणय स्वतःच सांगतो, सगळ्यांच्या आधी हसतो. पण मुलगी आत जाताना वळून त्याच्याकडे बघून हसली होती, एवढा भाग तो फक्त एकदाच बोलला. नंतर आम्ही कुणी विचारला नाही.

समीरची फजिती वेगळ्या जातीची.

स्यूडोवायर जोडताना दोन्ही टोकांना एकच नंबर टाकावा लागतो. नंबर जुळला तर तार जुळली. समीर खडकीला बसला होता, मोघे सर गोदामात. सरांनी फोनवर सांगितलं, "नंबर टाक, एकोणसत्तर."

समीर म्हणाला, "डन सर."

तार जुळेना. समीरने यंत्रातलं कार्ड बदललं. सरांनी केबल बदलली. प्रणयला नवीन केबल घेऊन स्कूटरवर गोदामाकडे पिटाळलं. मी तिकडच्या यंत्राचं सॉफ्टवेअर तपासत बसले. दुपार गेली. समीरने वरच्या साहेबांना कळवूनही टाकलं की यंत्र बनवणाऱ्या कंपनीचाच दोष दिसतोय!

शेवटी सरांनी विचारलं, "समीर, तू नक्की काय टाकलंयस?"

"तुम्ही सांगितलं तेच, सर. सेव्हन्टी नाइन."

पलीकडे सरांनी हातातली केबल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"समीर, तुझ्या मातोश्री मराठी शिकवतात ना रे शाळेत?"

"हो सर."

"बरं. मग हे आपल्यातच राहू दे."

तार जुळली. समीरने साहेबांना पुन्हा मेल केलं, यंत्राची माफी मागितल्यासारखं. त्यानंतर कितीतरी दिवस तो लिफ्टमध्ये ओठातल्या ओठात पुटपुटायचा, "एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास..."

इथवर ठीक. पण खंडेनवमीला आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा असते, घरच्यांना बोलावतात. समीरच्या आई आल्या. छान गप्पा झाल्या. पेढा हातात घेऊन त्या कौतुकाने म्हणाल्या, "इंग्लिश मीडियमला घातला, पण घरी मी पक्कं मराठी करून घेतलं हो त्याच्याकडून! पाढेसुद्धा मराठीतून."

आम्ही चौघंही आपापल्या पेढ्याकडे बघत राहिलो.

आता कारखान्याच्या जोगळेकर बाई. खडकीच्या ऑफिसचा सगळा कारभार बाईंकडे. आवाज कधी चढत नाही, चढायची गरजच पडत नाही.

नवी लाइन दाखवायला समीरने त्यांच्या मीटिंग रूममध्ये मोठा स्क्रीन लावला. एका टोकाला खडकी, दुसऱ्या टोकाला गोदाम, मधे जाडजूड हिरवी रेघ. समीर म्हणाला, "मॅडम, हिरवं म्हणजे सगळं हेल्दी! लाल झालं तर तुमच्या आधी आम्हाला कळेल."

बाईंनी शेजारचा फोन उचलला, गोदामाचा नंबर फिरवला, कानाला लावून ऐकलं. मग रिसीव्हर समीरच्या हातात दिला. फोन ठार मुका!

समीरने स्क्रीनकडे बघितलं. हिरवागार.

झालं होतं असं की खोटी तार मधेच तुटली होती. अशा वेळी दोन्ही टोकांच्या यंत्रांना इशारा पोचवायचा असतो, ते सेटिंग आम्ही चालूच केलं नव्हतं. त्यामुळे इकडचं यंत्र खूश, तिकडचंही खूश, आणि स्क्रीन टोकांना विचारून रंग भरत होता. समीर हे समजावू लागला, कान लाल झालेले, शब्द एकमेकांवर आदळत होते.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "रंग छान आहे हो. ह्या खोलीला पडदे घ्यायचेतच."

ह्याच बाईंनी पुढे सांगितलं की कामगार संघटनेला नव्या लाइनबद्दल मराठीतून चार ओळी हव्यात. समीरने इंग्रजी कागद कॉम्प्युटरवरच्या भाषांतर करणाऱ्या सोयीत टाकला आणि आलं ते पाठवून दिलं. एमपीएलएसमध्ये पाकिटांच्या ठरलेल्या वाटेला टनेल म्हणतात. तर नोटीस बोर्डावर लागलं, "कारखान्याची छद्म तार खडकीपासून गोदामापर्यंत बोगद्यातून नेण्यात येईल."

दुसऱ्या दिवशी गेटवर ही गर्दी! बोगदा निघणार कुठे? कुणाच्या घराखालून? रस्ता परत खणणार का? समीरला खुर्चीवर उभं राहून सांगावं लागलं की बोगदा नाही, तारही नाही, काहीच नाही.

मागून एकजण ओरडला, "काहीच नाही, तर मग बिल कशाचं लावलंय?"

पुढचा किस्सा हसून सुरू होतो, पण मला तो कधी पूर्ण हसत सांगता आला नाही.

एटीएमचे तुकडे फार छोटे. एकेका तुकड्याला स्वतंत्र पाकीट दिलं तर जागा वाया जाते, म्हणून एका पाकिटात अनेक तुकडे भरतात. पण भरायला वेळ लागतो. सहा आसनी रिक्षा भरेपर्यंत सुटत नाही, तसं. आम्ही पाकिटं जरा जास्तच भरली आणि आवाज थोडा उशिरा पोचायला लागला. फोनवर असा उशीर वाढला की माणसाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो.

कारखान्याचे जनरल मॅनेजर फोनवर ओरडण्यासाठी प्रसिद्ध. त्यांनी गोदामातल्या वाघमाऱ्यांना फोन लावला. वाघमारे अर्धं आयुष्य तिथेच काढलेले, तोंडातून शब्द न काढणारे गृहस्थ.

साहेब ओरडले, "अक्कल आहे का?"

कानात परत आलं, "...आहे का?"

"कोणाशी बोलतोयस तू?"

"...बोलतोयस तू?"

"माझी नक्कल करतोस?"

"...नक्कल करतोस?"

साहेबांनी फोन आपटला, गाडी काढली, थेट गोदामात. सगळ्या हमालांसमोर वाघमाऱ्यांना उभं करून जे बोलले ते बोलले. वाघमारे एवढंच म्हणत राहिले, "साहेब, मी बोललोच नाही."

आम्हाला कळलं ते दोन दिवसांनी, बाईंकडून. पाकिटं हलकी केली, आवाज साफ झाला. मग मोघे सर, प्रणय आणि मी गोदामात गेलो, वाघमाऱ्यांची माफी मागायला. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. सर म्हणाले, "चूक आमची होती. साहेबांना आम्ही तसं सांगितलंय."

वाघमारे म्हणाले, "सांगितलंत ना. बरं झालं. फक्त जे तेव्हा इथं उभे होते, त्यांनाबी जरा सांगाल का?"

ते हमाल रोजंदारीवरचे, त्याच दिवशी ट्रक भरून निघून गेले होते.

खडकीला परतल्यावर बाईंनी विचारलं, "आवाज परत येणं बंद केलंत?"

"हो मॅडम, पूर्ण बंद."

"साहेबांच्या फोनवर राहू द्यायचं होतंत," बाई म्हणाल्या. "एरवी त्यांना कुणी ऐकवत नाही."

आता शेवटचा. हा डबे खाताना कुणी काढत नाही. मीच सांगतेय.

खडकी ते गोदाम अशा आमच्या तीन तारा. दोन फोनच्या, कटकटीच्या. तिसरी मात्र आदर्श! सतत भरून वाहणारी, कधी बंद नाही, कधी एक तुकडा हरवला नाही. समीर प्रत्येक मीटिंगमध्ये तिचाच आलेख दाखवायचा. कारखान्याने कधीतरी तिला सगळ्यांत वरचं प्राधान्य द्यायला सांगितलं होतं, ते आम्ही जीव तोडून सांभाळलं. ती जराही हलू नये म्हणून प्रणयने दिवाळीत गावी जाणं रद्द केलं होतं.

त्या सुमारास कंपनीत जुन्या कामाच्या टीम मोडायच्या चालल्या होत्या. आमचंही नाव होतं. तेवढ्यात ह्या तिसऱ्या तारेसाठी आम्हाला कंपनीचं मोठं अवॉर्ड जाहीर झालं. समीर म्हणाला, "अवॉर्ड मिळालेली टीम कोणी मोडत नाही. वाचलो!" प्रणयने आईवडिलांना चंद्रपूरहून बोलावून घेतलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी सर, प्रणय आणि मी गोदामात केबल आवरायला गेलो. सर यंत्रामागे वाकले ते वाकलेलेच राहिले.

"प्रणय, ही तिसरी लाइन पुढे कुठे जाते?"

प्रणय वाकला. लाइन कुठेच जात नव्हती. यंत्राच्या तोंडाला एक छोटा प्लग लावला होता, आलेलं सगळं तसंच्या तसं परत पाठवणारा. चाचणीच्या वेळी लावतात तो, कुणीतरी काढायला विसरलेला.

वाघमाऱ्यांना विचारलं, ही लाइन कुणाची? ते म्हणाले, "तुमचीच ना? आम्ही कधी हात नाय लावला."

तिथून खडकीला गेलो. जुन्या खोलीत, कपाटाच्या मागे, एक टेस्टर चालू होता. लाइन तपासायला खोटी माहिती सोडणारा डबा. तो सोडत होता, गोदामातून परत येत होतं, तो मोजत होता आणि पुन्हा सोडत होता. किती वर्षं, देव जाणे. त्या तारेवरून आजवर एक माणूस बोलला नव्हता, एक कागद गेला नव्हता.

मी समीरला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अजून कुणाला माहीत आहे?"

"आपल्या चौघांनाच."

"सरांना द्या." मी स्पीकर लावला. "सर, प्लीज, काढू नका. आज नको. प्रणयचं बघा, शुभदाचं बघा. उद्याचा दिवस जाऊ दे."

सरांनी प्रणयकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. सर म्हणाले, "मला काय, मी चाललोच आहे घरी. तुमचं तुम्ही ठरवा."

कुणीच काही ठरवलं नाही. टेस्टर चालूच ठेवून आम्ही दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. पुढच्या रांगेत जोगळेकर बाई, त्यांच्याशेजारी प्रणयचे आईवडील, नव्या कपड्यांत, अवघडून बसलेले. आम्हाला वर बोलावलं. शाल, फुलं, काचेची ट्रॉफी. समीर आभाराचं बोलला, आवाज कापत होता, लोकांना वाटलं गहिवरून आलंय.

मग कंपनीच्या मोठ्या साहेबांनी माइक मोघे सरांपुढे धरला. "सर, तुम्ही ह्यातले सगळ्यांत जुने. इतकी वर्षं एकदाही बिघाड नाही! आमच्या नव्या मुलांना सांगा, ह्याचं गुपित काय?"

समीरने खाली बघितलं.

सर म्हणाले, "साहेब, ती लाइन कुणी वापरतच नाही. म्हणून बिघडत नाही."

आणि मग अख्खा हॉल खो खो हसत सुटला! साहेब तर डोळे पुसत होते. "हा खास पुणेरी विनय!" ते म्हणाले.

"नाही," सर म्हणाले, "खरंच सांगतोय."

तेव्हा लोक उभे राहिले. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. जोगळेकर बाई उभ्या होत्या. प्रणयचे वडील दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होते.

आम्ही वाकून नमस्कार केला.